रिटर्नचा दिवा

आमच्या घरात "जाते" म्हणायला बंदी होती. "येते" म्हणायचं, आणि घरातल्या कुणीतरी मोठ्यानं "बरें, जाऊन ये" म्हणायचं. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. महाराष्ट्रातही ही पद्धत आहे म्हणा, पण तिथे "येतो" म्हणणारा उत्तर यायच्या आत लिफ्टमध्ये शिरलेला असतो. माझी आई, अंबुजा, उत्तर मिळाल्याशिवाय हलत नसे. एकदा अप्पा न्हाणीघरात आणि मी कानात बोळे कोंबून अभ्यासाला बसलेली, तर बाई पिशवी घेऊन दारात उभीच. मायावरमची बस निघून गेली. वर आम्हालाच ऐकवलं, "जवाब द्यायला तोंड नाहीं कीं तुम्हांला?"

आम्ही तंजावूर मराठी. मराठा राजांच्या मागोमाग पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले. घराबाहेर तमिळ, घरात शतकांपूर्वीची मराठी. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, तू बोलतेस की पोथी वाचतेस? म्हणून ही गोष्ट मी पुण्याच्या मराठीत सांगते; घरची माणसं आपलं आपलं बोलतील.

अप्पांचं नाव सुंदरराव. कुंभकोणमात लग्न असो, सभा असो, त्यांचा माइकसेट ठरलेला. आई गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात अभंग गायची आणि अप्पा सभामंडपाच्या मागच्या टोकाला हेडफोन घालून तिच्या आवाजाला एको द्यायचे. त्यासाठी त्यांच्याकडे एक जपानी पेटी होती. आत टेपचा छोटासा पट्टा गोल गोल फिरतो. एक हेड जुना आवाज पुसतं, दुसरं नवा लिहितं, तिसरं तो वाचतं. लिहिणं आणि वाचणं यात जो उशीर होतो, तोच एको. आई गेल्यापासून ती पेटी हॉलच्या कोपऱ्यात तिरुभुवनमच्या रेशमी साडीच्या तुकड्याखाली झाकलेली होती.

मी बंगळूरला राहते, सिनेमांसाठी आवाज बनवते. माझं वाद्य म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझर: एका चौकटीत सुटे सुटे भाग, बटणं, भोकं, आणि त्या भोकांतून त्या भोकांत जाणाऱ्या केबली. अप्पा त्याला इडिअप्पम म्हणतात, म्हणजे आपल्या तांदळाच्या शेवया. मला तेव्हा भुताच्या एका सिनेमाचं काम मिळालं होतं आणि दिग्दर्शकसाहेबांना कॉम्प्युटरमधला एको चालणार नव्हता, खराखुरा टेपचाच हवा होता. मी म्हटलं, घरचा आहे की. इडिअप्पम, पेडल्स म्हणजे आवाजाला रंगरूप देणाऱ्या छोट्या पेट्या, आणि लॅपटॉप गाडीत घातला आणि गावी आले.

"तें मशीनला हात लावूं नको, शिवा," अप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले. माझं नाव शिवरंजनी. रागावरून ठेवलेलं, वापरात मात्र शिवा. "अप्पडीच, तसेंच असूंदे."

"पडून पडून गंजेल तें, अप्पा."

"गंजूंदे."

एवढ्यावर गप्प बसेन तर मी आईची मुलगी कसली! एकादशीला अप्पा भजनासाठी गोविंदपुरमला गेले आणि मी रेशमी तुकडा उचलला. खाली धुळीचा कण नव्हता. वर्षभर पडून असलेल्या यंत्रावर धूळ नसेल तर ते पडून नसतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी घाईत होते.

जोडायचं शास्त्र अप्पांनीच शिकवलेलं: आधी आवाज खाली, मग वायर. मॉड्युलरच्या बाबतीत तर हे फारच खरं. त्याचा सिग्नल म्हणजे आगीच्या बंबाचा पाइप, आणि पेडल काय, एको मशीन काय, यांचं तोंड तांब्याएवढं. सरळ जोडलं तर आवाज फाटतो. म्हणून मध्ये एक मॉड्यूल घालतात. त्याची सेंडची बाजू जोर कमी करून आवाज बाहेर पाठवते. रिटर्नची बाजू परत आलेला बारीक आवाज वाढवून आत घेते. रिटर्नपाशी एक हिरवा दिवा असतो. बाहेरून काही आलं की तो लागतो.

मी मशीनमधून पेडल्समध्ये, पेडल्समधून रिटर्नमध्ये केबल लावली. मशीन सुरू केलं. सेंडची केबल अजून माझ्या हातात होती. म्हणजे मशीनमध्ये मी काहीही पाठवलेलं नव्हतं.

हिरवा दिवा लागला.

मी हेडफोन चढवला. आधी वायरींची घरघर. मग दूर कुठेतरी टाळ खाली ठेवल्याचा आवाज. मग श्वास. आणि मग, अगदी कानाशी, आई म्हणाली, "अहो, येतें मी. ऐकूं आलें कीं?"

टेपच्या सांध्याची बारीक टिक. घरघर. टाळ. श्वास. "अहो, येतें मी. ऐकूं आलें कीं?"

भर सकाळ होती. समोरच्या घरात मिक्सर चालला होता, रस्त्यावर केळीची पानं विकणारा ओरडत होता, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भुताच्या सिनेमाचे पैसे घेणाऱ्या बाईनं हेडफोन ओढून गळ्यात टाकला. मी मशीनशेजारी जमिनीवर बसले.

जरा सावरल्यावर मशीनचं झाकण उघडलं. पुसणाऱ्या हेडची वायर तोडलेली होती. लिहिणाऱ्या हेडचीही. टोकांवर नीट नळी चढवलेली, अप्पांच्या हातची. म्हणजे या पट्ट्यावर आता काही पुसलं जात नव्हतं आणि काही लिहिलं जात नव्हतं. होतं तेवढंच फिरत होतं. जेवणानंतर अप्पा माझा फोन का उचलत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

आईचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. देवाचं गाणं डब्यात भरायचं नाही, हा तिचा हट्ट. लग्नांच्या व्हिडिओत ती ओठ हलवताना दिसते, पण वर नादस्वर, म्हणजे इकडची सनई, वाजत असते. फोनवर भरपूर बोलायची, पण फोनवरचं बोलणं कोण साठवतं? जन्मभर दोघांनी आवाजाचा धंदा केला आणि मागे राहिला एवढासा पट्टा. तोही झिजत होता, शब्दांच्या कडा भुरभुरीत झाल्या होत्या.

मग मी मला जे येतं ते केलं. लॅपटॉप जोडला आणि रेकॉर्ड करायला लागले. एका पेडलनं घरघर कापली, दुसऱ्यानं आवाजाला थोडं अंग दिलं. पडद्यावर तिच्या शब्दांचे उंचवटे उमटत होते आणि मी लेव्हल वर-खाली करत होते. फेऱ्यांमागून फेऱ्या घेतल्या. एकच गोष्ट जमेना. पट्टा तेवढाच, वेग तोच, तर आवाज ठरलेल्या वेळी यायला हवा. मी मॉड्युलरचा ठेका त्याच्याशी जुळवला की पुढच्या फेरीला "ऐकूं आलें कीं" नंतरची शांतता थोडी लांबायची. प्रत्येक वेळी थोडी आणखी. कुणी विचारून थांबावं, तशी. मी कुंभकोणमच्या व्होल्टेजला शिव्या घातल्या आणि ठेका पुन्हा जुळवला.

"कळलें कीं तुला?"

अप्पा दारात उभे होते. कपाळावर बुक्का, हातात प्रसादाची पुडी. मला वाटलं आता ओरडतील. ते येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसले, माझ्या गळ्यातला हेडफोन काढून त्यांनी एका कानाला लावला आणि जावयानं सासरी बसावं तसे ताठ बसून राहिले.

"त्या दिवशीं भजन संपलें," ते म्हणाले. "मी मागे वायर गुंडाळत होतों. हेडफोन कानांत. तिला बरें वाटत नव्हतें. माइक अजून चालूच होता, त्यांतून ती सांगटली. मी हात वर केलों आणि मशीन बंद केलों."

"मग?"

"मग काय? ती थोडी उभी राहिली. माणसें ओढून आटोंत बसवलीं तिला. तिरुभुवनम् येण्याच्या आंत सगळें संपलें." त्यांनी हेडफोन खाली ठेवला. "हात वर केलेलें जवाब होतें कीं, शिवा?"

आईच्या कायद्यात ते उत्तर होत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रोज दुपारीं मी जवाब देतों. मोठ्यानें देतों. पण हें मशीन ऐकत नाहीं, मीच वायर तोडलों ना! ती पुन्हां विचारते." त्यांनी पेटीच्या कडेवर हात ठेवला. "दारांतच उभी आहे ती. वर्ष झालें. पाय दुखत असतील कीं गं तिचे."

माझा बाप म्हातारा झाला होता आणि रोज दुपारी या खोलीत एकटा हे ऐकत होता. मला त्यांचा राग आला, दया आली, दोन्ही एकदम. मी त्यांचा हात धरला.

"लिहिण्याची वायर जोड," ते म्हणाले. "पुसण्याची नको. माझा जवाब तिच्या शेजारीं जाऊंदे. माझे हात कांपतात, नाहीं तर मीच केलों असतों."

"अप्पा, जुन्यावर नवीन लिहिलें तर जुनें फिकट होतें. तुम्हींच शिकवलां मला. थोड्या फेऱ्यांत ती जाईल."

"जाण्यासाठींच उभी आहे ती."

खरं सांगते, लॅपटॉपमध्ये कॉपी नसती तर मी वायरला हात लावला नसता. बापाशी भांडले असते, पेटी उचलून बंगळूरला नेली असती. पण सकाळभराचं रेकॉर्डिंग माझ्याजवळ होतं. म्हणून मी उदार झाले. अप्पांना काही बोलले नाही.

लिहिणाऱ्या हेडची वायर डाख देऊन जोडली. माइक मॉड्युलरमधून नेऊन सेंडला जोडला, कारण अप्पांचा आवाज आता बसलेला, तो आधी वाढवायचा आणि मग मशीनला सोसेल एवढाच सोडायचा होता. सेंडचं बटण शून्यावर होतं. "आधी आवाज खाली," अप्पा सवयीनं पुटपुटले. मशीन सुरू झालं, लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगही. मी बटण हळूहळू वर नेलं आणि मान हलवली.

घरघर, टाळ, श्वास. "अहो, येतें मी. ऐकूं आलें कीं?"

"आलें," अप्पा माइकमध्ये म्हणाले. "ऐकूं आलें, अंबुजा. बरें, जाऊन ये."

पुढच्या फेरीला दोघंही होते. ती विचारत होती आणि शांततेच्या जागी अप्पा होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड हसरं होतं. त्यानंतरच्या फेरीत तिचा "अहो" पुसट झाला. मग "येतें" नुसता श्वासासारखा उरला. माझा हात आपसूक बटणाकडे गेला. अप्पांनी तो वरच्या वर धरला आणि सोडलाच नाही. शेवटी घरघरीतून फक्त "बरें, जाऊन ये" येत राहिलं, आणि ते मात्र अगदी ठरल्या वेळी, एका ठेक्यात.

अप्पांनी मशीन बंद केलं. रेशमी तुकड्याची नीट घडी घालून तो कपाटात ठेवला.

"कॉफी कर कीं," ते म्हणाले. "डोकें दुखतें."

पेटी तिथेच ठेवून मी निघाले तेव्हा उंबऱ्यात "येते, अप्पा" म्हटलं. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर आलं.

बंगळूरला येऊन सगळं पुन्हा जोडलं, पेडल्स सोडून. ती अजून पिशवीतच होती. रिटर्नचा हिरवा दिवा मिणमिणत होता. रिटर्नला केबल नव्हती. मी मॉड्यूल काढून बघितलं, झटकलं, परत बसवलं. दिवा तसाच. असेल काही बिघाड, म्हटलं, आणि लॅपटॉप उघडून कुंभकोणमचं रेकॉर्डिंग लावलं.

घरघर होती. टाळ होता. टेपच्या सांध्याची टिक होती. टाळ आणि टिक यांच्यामध्ये, जिथे मी स्वतःच्या डोळ्यांनी शब्दांचे उंचवटे पाहिले होते, तिथे सपाट रेषा होती. पहिली फेरी, मधली, शेवटची. श्वाससुद्धा नव्हता. दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये अप्पांचं "बरें, जाऊन ये" स्वच्छ होतं, त्याच्या आधी कुणीच नव्हतं.

मी संतापले. खरंच संतापले. वायरी उपटल्या, खुर्चीला लाथ घातली. नवऱ्यानं हो म्हटलं की झालं? मी कुणी नाही? मला एक शब्द न सांगता निघून गेलीस?

आणि तोंडातून हे निघालं तशा वायरी माझ्या हातातच राहिल्या. कारण सांगितलं होतं तिनं. त्या सकाळी घरात अप्पा नव्हते, मीच होते. कितीतरी वेळ ती माझ्या कानाशी येऊन सांगत होती, विचारत होती, थांबत होती. प्रत्येक वेळी थोडी जास्त थांबत होती. अप्पांनी निदान हात तरी वर केला होता. मी लेव्हल बघत होते.

समोर हिरवा दिवा मिणमिणत होता. दुपार होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. मी उठून घराचं दार उघडलं आणि उंबऱ्यापाशी उभी राहिले.

"ऐकूं आलें, आई," मी मोठ्यानं म्हटलं. "बरें, जाऊन ये."

शेजारीण दार किलकिलं करून बघायला लागली, बघू दे. मी आत आले तेव्हा दिवा विझलेला होता. मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.