विसाव्याची जागा

माझी बायको चंद्रभागा पहाटे गेली. ऊन वर येईपर्यंत अंगण माणसांनी भरलं, तेव्हा मनिषने मला बाजूला घेतलं. मनिष माझा मुलगा. जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो.

"बाबा, मी गाडी बोलावली हाय. घरून सीधी घाटावर. कोणाले तरास नाही."

"आन् विसावा?"

"तो कुठं राह्यला आता?"

ते खरं होतं. आमच्या गावात माणूस गेलं की तिरडी मातामायच्या देवळाजवळून निघे, तलावाच्या पाळीखालून, बंद पडलेल्या टॉकीजपुढून जाई आणि नदीच्या अर्ध्या वाटेवर एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली ती खाली ठेवत. तो विसावा. तिथे तिरडी फिरवत, खांदेकरी बदलत. ज्यांच्याने पुढे चालवत नाही ते तिथूनच हात जोडून परतत. मग रस्ता चौपदरी झाला. मोह तोडला, त्याखालचा सपाट दगड कुठल्या भरावात गेला कोणाला माहीत नाही. तेव्हापासून गावातले जे गेले ते गाडीतून गेले, आणि गाडी मध्ये कुठे थांबत नाही.

माझे गुडघे कामातून गेले आहेत. घाटाची उतरण मला जमत नाही. गाडी थेट गेली असती तर चंद्रभागेला दारातूनच हात जोडावे लागले असते. विसाव्यापर्यंत मी चाललो असतो.

शिवाय तिचं त्या जागेशी वेगळं होतं. आमचं शेत नदीकडे. इतकी वर्षं ती डोक्यावर भारा घेऊन त्या मोहाखालून आली. मी म्हणायचो, "टेकव वो जरा, दम घे." ती थांबत नसे. "तिथं एकदाच टेकाचं असते," म्हणायची आणि धापा टाकत घर गाठायची.

मी मनिषला म्हटलं, "तिले तिथं ठेवल्याबिगर मी गाडी जाऊ देत नाही."

"ट्रक चालून राहिले, बाबा. सगळा धान मिलवर जाऊन राहिला. कोणाले लागलं-बिगलं तं?"

शेजारचा भैय्यालाल बांबू बांधत बसला होता. माझ्याच वयाचा. त्याने मान वर न करता म्हटलं, "गाडीनं ने, बापू, पण तिथं उतरव. तुझ्या मायनं जन्मात कोणाची वाट अडवली नाही. आज घडीभर अडवू दे."

मनिषने दोरीची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाला, "बरं. पण तुम्ही गाडीत बसा."

"मी चालत जातो."

"चालू दे रे त्याले," भैय्यालाल म्हणाला. "आम्ही दोघं पुढं निघतो. रस्त्यात पडलेले दिसलो तं आम्हालेबी उचलून टाक आत, वेगळी गाडी कायले पायजे."

आम्ही निघालो. आमचं घर चढावर आहे, त्यामुळे जाताना उतार लागतो, पण गुडघ्यांना उतारच जड. तलावाच्या पाळीवर कपडे वाळत होते. टॉकीजच्या जागी मोबाईलची दुकानं झाली आहेत, तरी लोक अजून टॉकीजचा चौकच म्हणतात. एका दुकानदाराने खुर्ची पुढे केली. मी बसलो असतो तर उठलो नसतो. म्हणून बसलो नाही.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि जागाच सापडेना.

"पंपाच्या अलीकडं होता," भैय्यालाल म्हणाला.

"नाही गा, पलीकडं."

"तं मग पंपावरच ठेवू. वहिनी हवा भरून घेईल, लांबचा परवास हाय."

मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. त्याच्या बायकोच्या वेळेस मीही असंच काहीबाही बोललो होतो.

शेवटी पाण्याच्या वाटेवरून जागा काढली. मोहाच्या अलीकडून पावसाळ्यात एक ओहोळ वाहायचा. आता तिथे सिमेंटची मोरी आहे, डांबराखाली दडलेली. मोरीपासून अंदाजाने पुढे आलो, तो बरोबर रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला लागून. तिथे उभं राहून मी हात वर केला.

गाडी आली. पोरं दोन्ही बाजूंना हात आडवे करून उभी राहिली. धानाच्या पोत्यांचा एक ट्रक थांबला, त्याच्यामागे दुसरा, मग रांग लागली. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि डोक्याचा दुपट्टा काढून उभा राहिला. मागचे हॉर्न वाजवत होते. तिरडी उतरवून डांबरावर ठेवली.

भैय्यालालने कंबर सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पुंडलिक, इथून तं तुझं घर दिसते गा."

मी वळून पाहिलं. चढावर आमचं घर, वरची निळी टाकी, अंगण, दारात उभी असलेली सून रूपा, सगळं दिसत होतं. आणि नदीकडे पाहिलं तर घाटावरचं टिनाचं शेड. विसावा कधी अशा जागी नसतो. तिथून मागचं घर दिसू नये आणि पुढचा घाटही दिसू नये, म्हणजे जाणाऱ्याचा जीव ओढ खात नाही, असं जुने लोक सांगत. मोहाने आणि बांधावरच्या झाडांनी ते दोन्ही झाकलं होतं. झाडं गेली, रस्ता रुंद झाला, आड काहीच राहिलं नाही.

"वळणाच्या पुढं नेऊ का?" कोणीतरी विचारलं. "तिथून घर नाही दिसत."

वळणापुढे सगळा उतार. तिथवर मी जाऊ शकलो नसतो. मनिषने माझ्या पायांकडे पाहिलं.

"इथंच फिरवा," मी म्हटलं, आणि चंद्रभागा आणि घर यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. घराकडे पाठ करून.

भैय्यालालला ते कळलं. तो माझ्या बाजूला आला आणि त्याने खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला.

"एवढ्यानं नाही झाकत गा. दोन मजली हाय."

"झाकते," मी म्हटलं.

त्यांनी तिरडी फिरवली. मी वाकून तिच्या कपाळाला हात लावला. उभं राहायला भैय्यालालचा खांदा धरावा लागला.

पोरं तिला परत गाडीत चढवणार, तोच मनिषने मडकं हातात घेतलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, "तू मागून रिकामी आण. इथून खांद्यावर नेतो."

"मी जातो त्याच्यासंगं," भैय्यालाल म्हणाला. "तू जाशील ना घरी?"

"जातो."

ते वळणाआड गेले. मागे ट्रक सुटले, दोन्ही बाजूंनी, एकामागे एक. मला परत फिरायला रस्ता ओलांडायचा होता, पण मध्ये जागा सापडत नव्हती, आणि हात धरायला कोणी नव्हतं. मी दुभाजकावर बसलो.

थोड्या वेळाने घाटावरून धूर वर चढला. चढावर रूपा अंगणात पाणी टाकत होती. मग ती दोरीवरचं चंद्रभागेचं लुगडं काढायला गेली आणि तिथेच थांबली. मी एकदा इकडे पाहत होतो, एकदा तिकडे. ट्रक संपत नव्हते. उठायचा प्रयत्न करावा असंही वाटलं नाही. मनिष परत येईल तेव्हा नेईल पलीकडे.