निळ्या भोकातली वायर

नकाशेवाल्यांच्या मनात बरेच दिवस पाल चुकचुकत होती. तळमजल्यावर त्यांचं नकाशे काढायचं ऑफिस, वर घर. दोन्हीकडचं इंटरनेट ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या सर्व्हरमधून जायचं. कोणाचा फोन जोडलाय, तो काय उघडतोय, सगळं त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या दिसायचं. स्वभावच तसा. दारावरची बेल वाजली तरी आधी संशय, मग कडी.

मग बायकोने जिन्यात वायफायचा राउटर बसवून घेतला. वर शिवण शिकायला मुली येतात, त्यांना रेंज मिळत नाही म्हणे. "कोणी बसवला?" तर "दुकानदाराने."

तेव्हापासून सर्व्हरला वरचं एकच नाव दिसू लागलं, ते म्हणजे राउटर. त्याच्या आड कोण बसलंय, तो ताकास तूर लागू देईना. आणि नकाशेवाले मोजणीला बाहेर पडले की वरचं नेट हमखास धो धो वाहायचं. त्यात सर्व्हरचा पंखा घरघरू लागला, तर बाईसाहेबांनी नवा आणून हातात ठेवला. अगदी मापाचा! चार्जरची पिन उलटी खुपसणाऱ्या बाईला हे माप कुठून कळलं? "दुकानदाराने दिला."

पाणी कुठे मुरतंय, याचा त्यांनी अंदाज बांधलाच होता. पलीकडच्या रस्त्यावर नकाशांचं दुसरं ऑफिस होतं. एकुलता एक मुलगा वर्षापूर्वी तिथे नोकरीला लागला, तेव्हा "या घराची पायरी चढायची नाही" असं त्यांनी त्याला बजावलं होतं. आता त्याच ऑफिसने शिवणाच्या मुलींत कोणीतरी पेरून ठेवली असणार. नकाशे बाहेर गेले की धंदा बसलाच.

आज ते टेप घेऊन मोजणीला निघाले, कोपऱ्यावरून वळले आणि चपला हातात घेऊन परत आले. जिन्यात राउटर उलटा करून पाहिला. चार पिवळी भोकं, एक निळं. सर्व्हरकडून आलेली वायर निळ्यात! निळ्यात घातली की राउटर आपलं वेगळं बिऱ्हाड थाटतो आणि आतली माणसं सर्व्हरपासून झाकतो. त्यांनी वायर पिवळ्यात घातली. लॅपटॉपवरून राउटरचं फोनांना नेटवरचे पत्ते वाटायचं कामही बंद केलं. आता त्याने नुसता वायफाय पुरवायचा, हिशेब सर्व्हर बघेल.

ते कपाटासमोर बसले. स्क्रीनवर पहिला बायकोचा फोन आला. मग दुसरं नाव आलं: चिरंजीव.

तिसरं आलंच नाही. तो फोन त्यांनीच घेऊन दिला होता, नावही त्यांनीच घातलं होतं. निळं-पिवळंही त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे चोर घरचाच! दात-ओठ खात त्यांनी नकाशांचे फोल्डर तपासले. फोनने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काही तरी विनोदी चालू होतं, कारण वरून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. तो त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता.

त्यांना राग आला. मग इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला. कपाटात नवा पंखा बिनआवाज फिरत होता.

मग उठून त्यांनी राउटरचं सगळं पहिल्यासारखं केलं. वायर पुन्हा निळ्यात घातली आणि जिन्यातून हाक मारली, "अगं, मी निघालो मोजणीला. आज उशीर होईल."

वरचं हसणं चटकन थांबलं. "अहो, तुम्ही मघाशीच गेलात ना?"

"टेप विसरलो होतो." टेप खिशातच होता. "आणि सांग, पंखा छान चाललाय."

"कोणाला सांगू?"

"दुकानदाराला," नकाशेवाले म्हणाले आणि चपलांचा मुद्दाम मोठा आवाज करत बाहेर पडले.