आवाजाची व्यवस्था

"ह्ये घे. ह्यात त्यांचा आवाज हाय, तेवढा काढून दे," असं म्हणून कस्तुराबाईंनी जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं जीनतच्या लोणावळ्यातल्या दुकानात काउंटरवर ठेवलं आणि वर दोन्ही हात दाबून त्या उभ्या राहिल्या. कार्ल्याहून एसटीत उभ्याने येताना त्यांनी ते पोटाशी धरलं होतं. ते अजून त्यांच्याने सोडवत नव्हतं.

जीनतने हळूच गाठ सोडली. आतून लॅपटॉप निघाला. झाकणावर दसऱ्याचं हळदकुंकू तसंच होतं.

"भाऊ कसे आहेत, मावशी?"

"हायेत. बसत्यात, जेवत्यात. फकस्त बोलत न्हाईत." कस्तुराबाई स्टुलावर टेकल्या. "चार म्हयनं झालं. येकच शबुद येतोय, बरं. भाकर वाढू का, बरं. ऊन लागतंय का, बरं. माजं नाव काय वो, तर म्हनं बरं."

हे सांगताना त्या हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला.

नथूभाऊ म्हणजे मावळातल्या बैलगाडा शर्यतींचे निवेदक. एरवी चार वाक्यांत दिवस काढणारा शेतकरी माणूस. बायकोशी बोलायचं तरी दाराकडे बघून बोलणार. पण जत्रेच्या दिवशी घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, कडेला उभं राहून एकदा हातात माईक घेतला की त्यांच्या अंगात वारं यायचं. चार बैल आणि पुढे घोडी, असा गाडा चढण चढून जातो बारा सेकंदांत. त्या बारा सेकंदांत भाऊ बैलांची नावं, मालकाचं गाव, त्याच्या आजाने पाळलेल्या खोंडाची आठवण, सगळं बसवायचे आणि शेवटी "भिर्रर्र" अशी आरोळी ठोकायचे की डोंगरावरची गुरंसुद्धा माना वर करायची. तीस वर्षं हे चाललं. मग कार्तिकात एका सकाळी गोठ्यातच लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

"तळेगावच्या दवाखान्यातली बोलायचं शिकवणारी बाई हाय ना," कस्तुराबाई सांगू लागल्या, "ती म्हनली, जे तोंडात घोळून घोळून पाठ झालंय, गाणं म्हना, आरती म्हना, ते कवाकवा आतल्या आत शाबूत ऱ्हातं. त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवा म्हनली. आन लवकर ऐकवा. सा म्हयन्यांत जे यील त्ये यील."

"मग कॅसेटी होत्या ना? माझ्या अब्बांनीच भरलेल्या."

कस्तुराबाईंनी खाली बघितलं. "त्या मी भंगारात दिल्या. बुरशी आलती. समदं कॉम्पूटरात घातलंय म्हनलं व्हतं त्यांनी, म्हनून दिल्या. आन कॉम्पूटरात बगाय गेलं तर कुलूप."

कुलपाची गोष्ट भाऊंच्या स्वभावाला धरूनच होती. मधल्या काळात शर्यतींवर बंदी आली. कुठल्याशा गावात पोलिसांनी शर्यतीचं रेकॉर्डिंग मागितलं, असं भाऊंच्या कानावर आलं. बंदीच्या आधीच्या शर्यतींना कोण विचारतंय? पण भ्याले ते भ्याले. सगळ्या फायली त्यांनी एका फायलीत कोंबल्या आणि तिला पासवर्ड घातला. पुढे बंदी उठली, भाऊ पुन्हा माईकवर उभे राहिले, पण कुलूप तसंच राहिलं. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता आणि डोक्यातून तो ओठांवर यायची वाटच आता बुजली होती.

जीनतने लॅपटॉप जवळ ओढला. हे दुकान पूर्वी तिच्या अब्बांचं, 'अल्लाउद्दीन साउंड सर्व्हिस'. लग्न, जत्रा, शर्यत, माईक अल्लाउद्दीनचा. आता तिथे तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम चालायचं आणि जुन्या सामानापैकी एक कर्णा तेवढा तिच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होता. पोपडे आलेल्या त्या कर्ण्यावर अब्बांनी स्वतः ब्रशने रंगवलेली अक्षरं होती. गिऱ्हाईकं म्हणायची, काढून टाका की ते डबडं. ती काढत नव्हती.

मोठमोठे डीजेवाले आले तेव्हा अब्बांचं काम बसायची वेळ आली होती. त्या वर्षी भाऊंनी प्रत्येक जत्रा कमिटीला एकच सांगितलं होतं, "माईक अल्लाउद्दीनचा नसंल तर म्या येत न्हाई." त्या कामांवर जीनतचा डिप्लोमा झाला. हे तिला घरात कोणी सांगितलं नव्हतं. जत्रेत अॅम्प्लिफायरच्या पेटीवर बसून तिने ते स्वतः ऐकलं होतं.

"मावशी, मी करते. पण आधी भाऊंना विचारायचं."

"त्यांना काय इचारायचं? ते बरंच म्हनत्याल."

"तरी विचारायचं. कुलूप त्यांचं आहे."

हा तिचा नियम होता. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ बायकोचा मोबाइल उघडून द्या म्हणून आले होते, त्यांना तिने चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

दुपारच्या गाडीने दोघी कार्ल्याला गेल्या. भाऊ पडवीत खाटेवर टेकून बसले होते. जीनतला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, सगळं सावकाश समजावलं आणि विचारलं, "उघडू का, भाऊ?"

"बरं," भाऊ म्हणाले. मग तिला पटलं नसावं असं वाटून त्यांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

पासवर्डाची चौकट उघडून तिने कीबोर्ड पुढे केला. भाऊंचं डावं बोट बराच वेळ हवेत फिरलं, वरच्या आकड्यांच्या ओळीवर आलं आणि शून्य दाबून तिथेच थांबलं. पुढे काही येईना. कपाळावर घाम आला. कस्तुराबाईंनी लॅपटॉप काढून घेतला. "नका तरास करून घिऊ. पोरगी बगतीया."

शून्य चुकून दाबलं गेलं असणार, असं जीनत समजली. चूक झाली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई पुन्हा दुकानात हजर. काम कसं चालतं ते त्यांना बघायचं होतं.

"त्यात पासवर्ड कुटंतरी लिवून ठिवलेला आसंलच की गं."

"नसतो, मावशी. त्याचं पीठ करून ठेवलेलं असतं. पिठापासून परत दाणा होत नाही. म्हणून आपण एकेक दाणा घ्यायचा, दळायचा आणि पीठ जुळतंय का बघायचं."

कस्तुराबाईंनी स्टूल जवळ ओढलं. "मग येवढं दळत बसायचं कशाला? आदीच दळलेल्या पिठाचं नमुनं आसत्याल की कुनाकडं."

डिप्लोमाच्या वर्गात हे कळायला जीनतला आठवडा लागला होता. "असतात ना! लोकांनी कोट्यवधी शब्द आधीच दळून तक्ते करून ठेवलेत. नुसतं बोट फिरवायचं की सापडलं. पण अशा दर फायलीच्या पिठात वेगळं मीठ घातलेलं असतं. त्यामुळे तयार नमुना जुळत नाही, सगळं नव्यानेच दळावं लागतं."

"मंजी आमचं ह्ये कुलूप घालण्यात बी पक्कं!" कस्तुराबाई म्हणाल्या. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे सांगणं अवघड होतं.

दळायला जीनतकडे दोन ग्राफिक्स कार्डं होती, एका रिसॉर्टची गेमची खोली बंद झाली तेव्हा जुनी म्हणून घेतलेली. साधा कॉम्प्युटर म्हणजे एकटा हुशार माणूस, तो एका वेळी एकच काम नीट करणार. कार्डाचं तसं नाही. भाताची रोपं लावायला, आवणीला, बाया रांगेत वाकतात, प्रत्येकीच्या हातात छोटंसंच काम, पण बघता बघता खाचर हिरवं होतं, तसं कार्डाचं असतं. दोन्ही कार्डं मिळून सेकंदाला वीस हजार शब्द दळायची. भाऊंचा गाडा घाट चढून जाईपर्यंत अडीच लाखांच्या आसपास. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण अकरा आकड्यांचे सगळे मेळ दळायचे म्हटले तर त्यांनाही दोन महिने लागले असते, आणि दवाखान्यातल्या बाईंनी दिलेल्या मुदतीत तेवढेच उरले होते.

म्हणून शब्द निवडावे लागणार होते. कस्तुराबाई सांगत गेल्या आणि जीनत टिपत गेली. बैलांची नावं, एकवीरा आईचं नाव, मुलांची, नातवंडांची, घाटांची, गाजलेल्या बाऱ्यांचे, म्हणजे एकेका गाड्याच्या धावेचे, सेकंद. "माजं नाव घालू नगं," कस्तुराबाई मधेच म्हणाल्या, "ते नसणार." जीनतने घातलं. ते नव्हतंच.

चार दिवस कार्डं घरघरत होती. त्यांच्या उबेला शेजारच्या चिक्कीवाल्याचं मांजर येऊन झोपू लागलं. रोज सकाळी कस्तुराबाईंचा फोन यायचा, "गावलं का गं?" आणि रोज जीनत म्हणायची, "अजून नाही, मावशी." चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "आज त्यांनी जेवाण न्हाई घेतलं. भिंतीकडं तोंड करून बसल्यात." फोन ठेवल्यावर जीनतला रडू आलं. अब्बा जाऊन तेरा वर्षं झाली होती. त्यांच्या माणसासाठी करायचं म्हणून एवढं एकच काम आलं होतं आणि तेही हातून होत नव्हतं.

डोळे पुसून ती पुन्हा बसली. भाऊंचं ते बोट तिच्या डोळ्यांपुढे आलं. ते चुकून शून्यावर गेलं असतं तर थांबलं का असतं? अक्षरं सोडून ते आकड्यांवर का गेलं? शून्याने सुरू होणारं भाऊंच्या पिढीला काय पाठ असतं?

फोन नंबर. मोबाइलचा नव्हे, घरातल्या जुन्या फोनचा, एसटीडी कोडसकट. लोणावळ्याचा कोड शून्य दोन एक एक चार. तो पुढे बांधून टाकला की उरतात फक्त सहा आकडे. दहा लाख दाणे. तिने हुकूम दिला आणि चहा मागवायला दारापर्यंत गेली.

चहावाल्याला हाक मारून वळली तेव्हा कार्डांची घरघर थांबली होती. पडद्यावर अकरा आकडे होते.

ते तिने एकदा वाचले, मग पुन्हा वाचले. मग हळूहळू मान वर केली. डोक्यावरच्या कर्ण्यावर, अब्बांच्या ब्रशने रंगवलेल्या नावाखाली, तोच नंबर होता. तिच्या स्वतःच्या घरचा. फोन बंद होऊनही पंधरा वर्षं लोटली होती. चार दिवस ती त्याच्याच खाली बसून साऱ्या मावळातले बैल दळत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते असं.

आणि मग तिला आठवलं. प्रत्येक शर्यतीच्या शेवटी भाऊ कमिटीचे आभार मानायचे, पंचांचे मानायचे, आणि सगळ्यात शेवटी, लोक उठून चालू लागले तरी, आवाजाच्या व्यवस्थेचे मानायचे. नाव, गाव आणि नंबर. त्यातून अल्लाउद्दीनला पुढचं काम मिळावं म्हणून. वर्षानुवर्षं हजारदा म्हटलेला नंबर. विसरून चालणार नाही असा आकडा निवडताना भाऊंना आणखी कुठे शोधावं लागलं असेल!

त्याच दुपारी ती कार्ल्याला पोचली. कस्तुराबाई चुलीपुढे होत्या, भाऊ पडवीत भिंतीकडे तोंड करून. तिने आल्या आल्या लॅपटॉप खाटेवर ठेवला, छोटा स्पीकर जोडला आणि पहिली फाईल लावली.

आधी जनरेटरची घरघर. मग माईकवर दोन टिचक्या. मग एक आवाज: "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. नथूभाऊ, बोला."

जीनतने खाटेची कड धरली. घरात अब्बांचे फोटो होते, चष्मा होता, नमाजाची टोपी होती. आवाज नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज कोणी भरून ठेवायचा असतो, हे कोणाला सुचलंच नव्हतं. भाऊंनी तो जपला होता, कुलपात घालून.

भिंतीकडचं तोंड वळलं. पुढे भाऊंचा तरणा आवाज घुमू लागला. बारी लागली, घोडी सुटली, बैलांची नावं आली, "भिर्रर्र" झाली. गोठ्यातली गाय हंबरली. कस्तुराबाई हातातलं उलथनं तसंच धरून उंबऱ्यात आल्या. खाटेवरचे भाऊ ऐकत होते, ओठ हलत होते, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. शर्यत संपली. कमिटीचे आभार झाले, पंचांचे झाले.

"आन आजच्या आवाजाची वेवस्था," स्पीकर म्हणाला, "अल्लाउद्दीन साउंड सर्व्हिस, लोणावळा. फोन झिरो दोन येक येक चार..."

"...येक येक चार," खाटेवरून आलं.

आवाज जड होता, अर्ध्या जिभेचा होता, पण सूर तोच होता. भाऊ एक पाऊल मागे होते, मग बरोबर आले आणि उरलेले सहाही आकडे त्यांनी रेकॉर्डाच्या जोडीने म्हटले, एकही न चुकता. कस्तुराबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. ते उचलायचं कोणाला सुचलं नाही.

"धन्यवाद, अल्लाउद्दीन," स्पीकर म्हणाला.

"धन्यवाद," भाऊ म्हणाले, आणि वळून जीनतकडे पाहिलं.

अब्बा ह्यावर कधी काही बोलत नसत. अॅम्प्लिफायरच्या मागून, वर न बघता, ते फक्त उजवा हात उचलायचे, की पोचलं. पेटीवर बसलेल्या मुलीला तेव्हा ते फार साधं वाटायचं.

जीनतने उजवा हात वर केला.