पुतळ्याचा रोग बरा झाला

धाकटी बहीण भिंतीसमोर उभी राहिली, तशी अंधाऱ्या हॉलच्या त्या भिंतीवर तिच्याच आकाराची निळी बाई उजळली. बहिणीने हात उचलला, निळ्या बाईनेही उचलला. तिच्या छातीत काळा डाग धडधडत होता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"वाक, लेकी," भिंतीपुढे रोग घालवणारा बाबा म्हणाला. "रोग पायाशी सांडू दे."

ती वाकली, उठली, पुन्हा वाकली. डाग विरत विरत नाहीसा झाला. गर्दी रडायला लागली. आता औषध घेणं म्हणजे भिंतीवर अविश्वास, असं बाबाने बजावलं आणि बहिणीने क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या.

महिनाभरात तिचे गाल बसले. असाच वेळ गेला तर पुढे या गोळ्याही लागू पडणार नाहीत, असं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं. बहिणीला किती समजावलं! पालथ्या घड्यावर पाणी. डाग गेलेला तूही पाहिलास ना ताई, एवढंच तिचं पालुपद. पाहिला होता, तेच तर डोक्यात जायचं.

मी शिवणकाम करते. दुकानातला कपडे चढवायचा चाकांचा पुतळा घेतला, त्याला बहिणीचे कपडे घातले, डोक्यातोंडावरून ओढणी गुंडाळली आणि बहिणीलाही सोबत घेऊन हॉल गाठला. दारावरचा सेवेकरी प्रत्येकाला कुठे दुखतं ते विचारून आत कळवायचा. ही आजारी बाई बोलत नाही, पोट दुखतं, असं मी ठोकून दिलं.

भिंतीवर निळी बाई उजळली. पोटात काळा डाग!

बाबाने डोळे पुसले. म्हणे, हिने जन्मभराचं दुःख पोटात दडवलंय. मी पुतळा धरून वाकवला, उभा केला, पुन्हा वाकवला. डाग विरला. बाबाने मुक्ती जाहीर केली आणि मी ओढणी ओढली. प्लास्टिकचं टक्कल चमकलं.

मी भिंतीच्या कडेचं काळं कापड फाडलं. मागे कॅमेरा होता, यंत्र होतं आणि ते चालवणारा एक माणूस. मॉलमध्ये मुलं हात हलवून पडद्यावरचे फुगे फोडतात ना, तोच हा खेळ. समोरच्या आकाराबरोबर चित्र हलतं. दाराशी सांगितलेल्या जागी आतला माणूस डाग ठेवतो आणि पुसतो. तो माणूस तेवढ्यात पळाला, यंत्र मात्र चालूच राहिलं.

"बाबांनी पुतळ्यातही जीव ओतला," एक बाई पुटपुटली आणि तिने हात जोडले. मागून आणखी हात जुळले. भीती वाटली मला त्या हातांची.

बहीण भिंतीपुढे गेली. तिला खोकल्याची उबळ आली, ती कळवळून वाकली. निळी बाईही वाकली, स्वच्छ छातीची. बहिणीच्या रुमालावर रक्त होतं.

"तिच्या छातीत काहीच नाही, ताई."

"तिच्या नाही. तुझ्या आहे."

तिने माझा हात घट्ट धरला. आम्ही तडक दवाखाना गाठला.

उपचार पुन्हा सुरू झालेत. गोळ्या लागू पडतील का, हे डॉक्टरबाई अजून सांगत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला तर खुशाल बघा, पण तो कसा होतो ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसाचं औषध थांबवू नका.