मास्तरांचं जोतं

टेलरमास्तरांच्या वडिलांनी रस्त्याकडेला दुकान बांधलं, तेव्हा जोतं चांगलं कमरेइतकं उंच घेतलं होतं. लोक हसले. शर्टाचं माप द्यायला आता शिडी लावायची का, असं गावभर झालं. समोरून तेव्हा नुसती मुरूम टाकलेली गाडीवाट जायची. आता त्याच दुकानात शिरायचं तर पायऱ्या उतराव्या लागत आणि आत गेल्यावर मान वाकवून उभं राहावं लागे.

रस्त्याचा इतिहास कुणी विचारला की मास्तर आधी थुंकायचे, मग सांगायचे. नदीकाठाने सरळ जायचा रस्ता मुळात गावात शिरलाच कशाला? तर एका मंत्र्याचा कारखाना इथे होता म्हणून. पुढे तो मंत्र्याच्या भावाच्या पेट्रोल पंपावर मुद्दाम वाकडी वाट करून जातो, मेहुण्याची बाग आली की अंग चोरून लांबून निघतो, आणि ज्याचा कुणी वाली नाही त्याच्या जमिनीतून मात्र खुशाल मधोमध जातो. सोयरिकी सांभाळत चाललेला रस्ता! त्याला आधी जिल्ह्याचा दर्जा मिळाला, मग तो राज्यमार्ग झाला, नंबर मिळाला, पुढे तो नंबरही बदलला. रुंदी होती तेवढीच राहिली. वाढली ती उंची, कारण दर निवडणुकीच्या तोंडावर डांबराचा एक थर चढायचा. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, असा नियम होता. पण खरवडायला वेळ लागतो आणि खरवडलेलं मतदाराला दिसत नाही.

रस्ता चढला की गटार दुकानात उतरायचं. काळं, तेलकट पाणी, वर तरंगणारा एखादा मेलेला उंदीर, आणि कापून ठेवलेल्या कापडांना लागलेला तो वास. मग मास्तर भराव टाकून दुकानाची जमीन उचलून घ्यायचे. पुढच्या निवडणुकीला रस्ता पुन्हा वर. मास्तर पुन्हा भराव टाकायचे. छप्पर बिचारं होतं तिथेच होतं. पंखा केव्हाच काढून टाकला होता. उंच गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याला स्टुलावर बसवून माप घ्यायचे, आणि बसल्या माणसाची पँट उभ्या माणसाला कशी होणार? एक-दोघे घोट्याच्या वर पँट घालून गावात फिरले, तशी बाकीच्यांनी दुसरीकडची वाट धरली.

आता आणखी भराव टाकला असता तर मास्तरांना रांगत कापड कापावं लागलं असतं. थोडक्यात, अजून एक थर पडला की दुकान संपलं. आणि थर पडणार होता. टाकणारा परका नव्हता, खुद्द जावई होता. तो रस्तेखात्यात इंजिनियर होता आणि याच पट्ट्यावर त्याची बदली झाली होती.

"जावईबापू, तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही," मास्तर म्हणाले. "एवढं एकच करा. या वेळी खरवडून घ्या."

"मामा, तुम्ही काळजीच सोडा. मशीन मागवलंय. आपल्या दारापासूनच सुरुवात करतो."

मशीन आलं खरं, पण चौकात. तिथे त्याने पट्टाभर रस्ता खरवडला, जावयाने पिवळं हेल्मेट घालून शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, आणि मशीन ट्रेलरवर चढून आल्या वाटेने परत गेलं. दुपारनंतर डांबराचे ट्रक लागले. दारासमोरून रोलर फिरला तेव्हा खिळ्याला टांगलेल्या कात्र्या थरथरत होत्या. मास्तर पायरीवर उभे होते, रस्ता त्यांच्या छातीशी आला होता. पलीकडून जावयाने हसून हात हलवला. नुसता राग आला असता तर मास्तर ओरडून मोकळे झाले असते. त्यांना किळस आली, घासात केस निघाल्यासारखी.

"अहो, त्यांना काही बोलू नका," बायको मागून हळूच म्हणाली. "आपली पोर त्यांच्या घरात आहे."

कुणीतरी तक्रार केली आणि तपासणीला वरचे साहेब आले. मशीनने रस्त्याला गोल भोक पाडून आतला गट्टू उपसून काढायचा आणि जाडी बघायची, अशी ती तपासणी. भोक पाडलं ते नेमकं मास्तरांच्या दारासमोर. गट्टू मोजपट्टीशेजारी आडवा ठेवला होता. वरचं डांबर ताजं, त्याखाली एकेका निवडणुकीचं, आणि बुडाशी वडिलांच्या वेळचा तांबूस मुरूम.

"जाडी तर भरपूर दिसते," साहेब म्हणाले.

"हात आखडता घेतलाच नाही, सर," जावई म्हणाला. मास्तरांच्या बापाच्या काळापासूनचं सगळं डांबर तो स्वतःच्या नावावर खपवत होता आणि चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

साहेबांना शंका आली. "पण जुना थर काढला होता ना?"

"माझं कशाला ऐकता, सर? हे इथले दुकानदार आहेत, त्यांनाच विचारा."

इथले दुकानदार! मास्तरांनी वर पाहिलं. याच माणसाच्या लग्नाचा कोट त्यांनी स्वतःच्या हाताने शिवला होता. साहेब पायरीशी वाकले आणि विचारते झाले, "काय हो मास्तर, खरवडला होता का रस्ता?"

मुलगी माहेरी आली होती. दुकानाच्या आतल्या दारात, चौकटीला धरून उभी होती. नवऱ्याची नोकरी गेली तर काय होईल, हे तिने बापाला सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

"हो," मास्तर म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत खरवडला."

'हो'च्या पुढचं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं. साहेबांची गाडी गेल्यावर मास्तरांनी तांब्याभर पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली. तोंडाची चव काही जाईना. इतकी वर्षं ते रस्त्याला शिव्या देत आले होते, आणि आज रस्त्याच्या बाजूने साक्ष देणारेही तेच निघाले.

जावई मान वाकवून पायऱ्या उतरला. खुशीत होता. "मामा, तुमच्यामुळे वाचलो बघा. आता तुमची सोय माझ्याकडे लागली. आपल्याकडे मुरूम उरलाय, माणसंही आहेत. दुकानात वीतभर भराव टाकून देतो. पाण्याचं नाव नको."

मास्तरांनी डोक्याला टेकलेल्या छपराकडे पाहिलं.

"टाका," ते म्हणाले. "पण मी आत असतानाच टाका. वेगळा खड्डा खणायला नको."

जावई खदखदून हसला. आपले सासरे फार विनोदी आहेत, हे तो चारचौघांत कौतुकाने सांगत असे. चौकटीतली मुलगी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमाचा ट्रॅक्टर दाराशी येऊन उभा राहिला.