आंदणाच्या स्टोवाचा बर्नर

बर्नर परत आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. हिरासिंगने फाटकापाशी बैलगाडी थांबवली, कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "याडी, हाही नाही बसला. आटे लागत नाहीत म्हणते तुमची लेक."

मी सूप असं आपटलं की अर्धी तूर कोंबड्यांच्या वाट्याला गेली.

हिरासिंग गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरचा, त्यांच्या बोलीत मला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. कापूस घेऊन तो यवतमाळला जाई आणि जाता-येता माझे निरोप विमलला, विमलचे मला पोचवी. भला माणूस. पण त्या दिवशी मी त्यालाही सोडलं नाही. "रस्त्यात कुठं आपटला तर नाही ना तू?"

"पितळ आहे ते याडी, आपटल्यानं आटे बदलतात का?" एवढं बोलून त्याने बैल हाकले. खरंच बोलला होता, म्हणून मला आणखी राग आला.

विमल माझी एकुलती एक लेक. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या वैशाखात तिचं लग्न झालं. जावई मारोतराव यवतमाळला कचेरीत कारकून. राहायला माडीवरच्या दोन खोल्या, आणि घरमालकाची चुलीला मनाई. म्हणून विहीणबाईंनी, रुक्माबाईंनी, बैठकीतच सांगून टाकलं होतं की आंदणात स्टोव पाहिजे. दिला. तोही साधासुधा नाही, पितळी, मोठ्या टाकीचा, यवतमाळच्या बाजारातला. दुकानात मी तो स्वतः पेटवून पाहिला होता आणि कासाराकडून टाकीवर विमलचं नाव घालून घेतलं होतं.

आणि वर्षभरात त्याच स्टोवाच्या तक्रारी सुरू झाल्या. बर्नरच्या बुडातून घासलेट पाझरतं, काडी लावली की भडका होतो. एकदा विमलच्या पदराने पेट घेतला आणि दंडाची कातडी गेली. हे तिने मला कळवलं नाही. हिरासिंगने तिच्या दंडावरची पट्टी पाहिली, म्हणून कळलं. विहीणबाईंचा निरोप मात्र न चुकता आला, आंदणाची वस्तू माहेरची, तर तिची मोडतोडही माहेरानंच पाहावी.

हा कायदा कोणत्या पुराणात लिहिलाय? स्वयंपाक होतो तुमचा, जेवता तुम्ही, भाजते माझी लेक, आणि बर्नर धाडायचा मी, बोरी अरबहून! त्याच दुकानातून मागवून पहिला बर्नर धाडला तो बसला नाही. दुसरा धाडला तो हा परत आला. आमचे मालक नानाजी म्हणाले, "जाऊ दे व, विहिणीशी वाकडं घेऊ नको. लेक त्यांच्या घरी आहे." लेक त्यांच्या घरी आहे! या एका वाक्यावर जगातल्या सगळ्या विहिणी माजल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाळ बाई, तर एकदा जाऊन स्टोव डोळ्यांनी का नाही पाहिला? कशी पाहणार? आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी सासरी तिच्या हातचं पाणीही प्यायचं नाही. पाणी प्यायचं नाही म्हणून बसायचं नाही, आणि बसायचं नाही म्हणून वर जायचं नाही. यवतमाळला गेले की मी जिन्याखाली उभी राहून हाक मारायची, पापड-कुरड्यांची पिशवी विमलच्या हातात द्यायची, तिचं तोंड डोळाभर पाहायचं आणि परतीची मोटार पकडायची. जिन्याच्या वर काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी यवतमाळ गाठलं आणि थेट दुकानात गेले. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मी तो बर्नर दुकानदारापुढे आदळला.

"लोकाईले लुबाडून राह्यले का तुम्ही? दोनदा बर्नर देल्ला, दोन्ही खोटे. माझ्या लेकीचा हात जळाला तिथं!"

त्याने बर्नर उचलला, उलटासुलटा करून पाहिला. मग फळीवरचा एक नवा स्टोव उतरवला, माझ्या स्टोवासारखाच, त्याचा बर्नर काढला आणि मी आणलेला फिरवून बसवला. तेल घातल्यासारखा गरगर आत गेला.

"बसला," तो म्हणाला. "असाच स्टोव तुम्ही माह्याकडून नेलता, मले आठवते. आता माह्यावर काहून ओरडता बाई? तिथल्या स्टोवाचं काय झालं ते पाहा न जाऊन."

गिऱ्हाइकं हसली. माझी कानशिलं तापली. बर्नर बरोबर होता. मग विमलकडे तो का बसत नव्हता? ती धांदरट म्हणावी तर तशी नव्हे. लहानपणी घरातला कंदील तीच खोलायची, तीच जोडायची. मी बर्नर उचलला आणि तिच्या घराचा रस्ता धरला.

जिन्याखालून हाक मारली. विमल धावत खाली आली. पदर दंडावरून ओढून घेतलेला. मी तो बाजूला केला. कातडी गुलाबी, चुरगळलेली, कोपरापर्यंत.

"दुखत नाही आता," ती म्हणाली. "बर्नर आणला का? दे इकडं."

"मीच बसवतो. चल वर."

"आई, वर? अव, पण रीत..."

"चुलीत गेली रीत."

वर रुक्माबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. कचेरीला सुटी होती, म्हणून मारोतरावही खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. मला पाहून विहीणबाईंचा अडकित्ता थांबला. मी रामराम केला आणि सरळ स्वयंपाकाच्या खोलीत शिरले.

कोपऱ्यात स्टोव होता. काळवंडलेली, पोचे पडलेली टाकी. तिच्यावर भोक बुजवायला डाग दिलेला. एक पाय आखूड, त्याच्याखाली कौलाचा तुकडा. नाव शोधायला मी टाकी फिरवूनही पाहिली नाही, गरजच नव्हती. तो माझा स्टोव नव्हता.

"विमल, आपला स्टोव कुठं आहे?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. उत्तर बाहेरून आलं. "आमच्या लीलाच्या आंदणात देल्ला तो," रुक्माबाई म्हणाल्या. "यंदाच तर लग्न झालं तिचं. एका घरात दोन स्टोव कायले पाहिजेत? आमचा जुना होताच."

माझं डोकं फुटायची वेळ आली. माझ्या लेकीचा स्टोव यांच्या लेकीला, यांचा भंगार माझ्या लेकीला, आणि त्या भंगाराच्या दुरुस्तीचा निरोप मला! पण आधी मी विमलवरच उखडले. "मले काहून नाही सांगतलं तू?"

"सांगतलं असतं तर तू भांडायले आली असती."

"मग बर्नर कायले मागवत होती, बसत नाही हे माहीत असून?"

"आत्याबाई म्हणत, माहेराहून मागव. मले वाटे, एखादा बसन."

एखादा बसेल! या उत्तरावर रागवावं की रडावं, मला कळेना. मी रागावले. रडायला घर होतं. बाहेर येऊन मी विहीणबाईंपुढे उभी राहिले.

"माझ्या लेकीची वस्तू तुम्ही कोणाले विचारून देल्ली?"

"आंदण देल्लं की ते आमचं. आमच्या वस्तूचं आम्ही पाहू."

"तुमची वस्तू, तर मोडतोड माझी कशी?"

"मोडलं काय त्यात?" त्यांनी अडकित्ता पुन्हा चालवला. "बरा जळते तो. आमचा संसार झाला त्याच्यावर. तुमच्या लेकीलेच पंप मारता येत नाही. माहेरी लाडात वाढली, शिकवलं नाही कोणी. आता बोल कोणाले लावता?"

मारोतराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "थोडं सांभाळून पेटवावं लागते, एवढंच. आई म्हणते ते खरं आहे."

मी विमलकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून मान खाली घालून उभी होती. तिला हे नवं नव्हतं. रोज ऐकत असणार, आणि रोज खरंही मानत असणार. माझ्या तोंडावर आलेल्या शिव्या मी तशाच गिळल्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

"बरं तर," मी म्हटलं. "चुकलं आमचं. आता पह्यल्यांदाच वर आली मी, तर चहा घेऊनच जाईन, विहीणबाई."

"घ्या न. विमल, चहा ठेव."

"तिच्या हातचा नाही चालत मले. तिले मूल कुठं झालं अजून? तुमच्या हातचा चालते."

"बरं, ती स्टोव पेटवून देईन, मी चहा करतो."

"पेटवणंही तिच्या हातचंच झालं न? पाळायची तर रीत पुरी पाळा. तुम्हीच पेटवा."

रीतीच्या नावावर मला दीड वर्ष जिन्याखाली उभं ठेवलं होतं त्यांनी. विहीण घरी आली, चहा मागून घेतला, आणि नाही म्हणायचं? रुक्माबाई उठल्या. स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या, स्टोवापुढे बसल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी काकडा लावून बर्नर तापवला आणि पंप मारायला घेतला. पहिल्या दोन-तीन दट्ट्यांतच बर्नरच्या बुडाशी घासलेटचा थेंब फुगला, ओघळला. टाकीवरून खाली वाट काढत गेला. काकड्याची ज्योत त्याच्याकडे वळली.

"मारा न पंप," मी म्हटलं. "बरा जळते न तो?"

त्या ताडकन उठल्या, भिंतीला जाऊन भिडल्या. "मले नाही बाई! मी नाही जात त्याच्याजवळ. भडकते तो! म्हणून तर मारोतलेही मी कधी हात लावू देल्ला नाही!"

बोलून गेल्या आणि मग त्यांना कळलं. मारोतरावांचं वर्तमानपत्र मांडीवर उतरलं होतं. ते आईकडे बघत होते.

बोलायला मी तोंड उघडलंच होतं. भरपूर बोलणार होते, सात पिढ्यांचं. पण विमल माझ्या अंगावरून पुढे गेली. तिने ओल्या फडक्याने काकडा विझवला, स्टोवाची चावी सोडली. टाकीतली हवा फुसकन बाहेर आली. मग ती सासूकडे वळली. तिचा आवाज मोठाही नव्हता.

"आत्याबाई, मले वाटे, मलेच येत नाही."

विमलने दांडीवरची दोन लुगडी ओढली, पिशवीत कोंबली.

मारोतराव उठून दारापर्यंत आले. "विमल, थांब. मी उद्याच नवा स्टोव आणतो. उद्याच!"

"आणा," ती म्हणाली. "पह्यले तुमच्या आईले पेटवायले सांगा. त्यायनं पेटवला की मग मले निरोप धाडा."

आणि माझी वाट न बघता ती जिना उतरू लागली.