एका फोटोचा फ्लेक्स

लीलाबाईंची लेक प्रियदर्शनी तिकडं कॅनडात बोटीवरून ओर्का मोजायचं काम करायची. ओर्का म्हणजे समुद्रातला काळा-पांढरा, ट्रॅक्टरपेक्षा थोरला जीव. जत तालुक्यात, जिथं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं, तिथं हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे नाकी नऊ येणार. पण तशी वेळ लीलाबाईंवर कधी आलीच नाही, कारण विचारायला कुणी येतच नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ नाथाजी जवळच्याच गावात राहायचा, पण "पोरीला एकटी सातासमुद्रापार धाडतीस व्हय?" यावरून जी जुंपली, तेव्हापासून त्याचा पाय वस्तीला लागला नव्हता. वस्ती रस्त्यापासून आत, माळावर. लीलाबाई दिवसभर शेळीशी बोलायच्या. शेळी विकल्यावर चुलीशी बोलू लागल्या.

जुलै लागला तसा लेकीचा फोन आला. "आई, चौदा तारखेला ओर्का दिवस असतो. इथं सगळे लोकांना त्यांच्याविषयी सांगतात. तूही सांग ना. चार माणसांना तरी सांग."

"काय सांगू गं?"

मग लेकीनं एका मादीची गोष्ट सांगितली. लहान असताना तिला आईपासून तोडून जाळ्यात धरून आणली आणि टाकीत ठेवली. या ओर्कांच्या प्रत्येक घराण्याची आपली वेगळी बोली असते. ती अजून त्याच बोलीत हाका मारते. ओ द्यायला कुणी नाही. "नाहीतर आई, इथल्या ओर्कांची लेकरं जन्मभर आईला सोडत नाहीत," लेक बोलून गेली. दोघींनाही काय झोंबलं ते दोघींनाही कळलं.

सांगते, असा शब्द तर दिला. पण चार माणसं आणायची कुठून? लीलाबाईंनी खूप आठवून पाहिलं. दूधवाला थांबत नसे. टँकरवाल्याला घाई असे. तालुक्याला देवीच्या जत्रेपासून पुढाऱ्याच्या वाढदिवसापर्यंत सगळं फ्लेक्सवरच कळतं, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. पदराची गाठ सोडून त्या जतला गेल्या आणि जैनुद्दीनच्या फ्लेक्सच्या दुकानात बसल्या.

"मावशी, नुसता मासा लावून कोण बघतंय?" जैनुद्दीन म्हणाला. "माणसाचा चेहरा पायजे. खाली शुभेच्छुकांचे फोटो द्या. कोण कोण हायत?"

"मीच हाय की."

"आवं, एकट्याच?"

"एकटीच."

त्याला पुढं विचारवेना. बिचाऱ्यानं मन लावून काम केलं. काळ्या-पांढऱ्या जिवाशेजारी रंगीत फोटो विजोड दिसतो म्हणून लीलाबाईंचा फोटोही काळा-पांढरा केला, आणि एकच आहे म्हणून चांगला मोठा घेतला. खाली मजकूर टाकला, 'एकट्या जिवाची आठवण असू द्या. १४ जुलै.' ओर्का हा शब्द त्याला नवखा, म्हणून तो कोपऱ्यात बारीक घातला. चौदा तारखेला सकाळीच फ्लेक्स एसटी स्टँडसमोर चढला.

आता आमच्या भागात जिवंत माणूस फ्लेक्सवर कधी एकटा नसतो. त्याच्या पायाशी शुभेच्छुकांची रांग असते, चष्मा लावलेली, हात जोडलेली. एकटा आणि काळा-पांढरा असतो तो फक्त गेलेला माणूस. मागचा ओर्का लोकांना ढगासारखा वाटला असेल. आणि मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर फोन लावून खात्री कोण करणार?

दुपारी लीलाबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात वाटेवरून बाईचा गळा काढलेला आवाज आला. कुणाच्या घरचं गेलं, म्हणून त्या उठल्या. भावजय अंजना हंबरडा फोडतच अंगणात शिरली, समोर लीलाबाई दिसल्या आणि हंबरडा घशातच अडकला. मागं नाथाजी. त्याच्या हातात कडू घासाचं गाठोडं, पिठलं-भाकरी. मागून जीपभर माणसं उतरली. नाथाजीच्या शेजारच्या मानसिंगनं तर टपावर तिरडीचे बांबूसुद्धा बांधून आणले होते.

"आक्का," नाथाजी म्हणाला. "स्टँडवर तुझा फोटो... तारीख..."

लीलाबाईंना आधी हसू आलं, मग राग आला. आणि त्या दोन्हींच्या खाली आनंद होता, अंगण भरल्याचा. त्याची त्यांना लाज वाटली.

"आलायसा तर बसा," त्या म्हणाल्या. "भाकरी आणलीया ती खावा. आन् ऐका."

त्यांनी सांगितलं. टाकीतली मादी, घराण्याची बोली, ओ न मिळणाऱ्या हाका. माणसं घास हातात धरून ऐकत होती.

"तिला बघाय कुणीच येत न्हाई व्हय?" अंजनानं विचारलं.

"येत्यात की. तिकीट काढून."

नाथाजी मान खाली घालून भाकरी मोडत राहिला.

ऊन कललं तशी जीप निघाली. "बांबू ऱ्हाऊ द्या, लागतील पुढं," म्हणून मानसिंगनं जीभ चावली. नाथाजी शेवटी चढला. येतो म्हणाला, कधी ते म्हणाला नाही. धूळ बसली आणि अंगण पहिल्यासारखं झालं.

दिवेलागणीला फोन वाजला. तिकडं सकाळ झाली होती.

"सांगितलंस का गं चार माणसांना?"

"चार कशाची? जीपभर आली हुती. तुझा मामाबी आला."

"मामा?" लेक हरखलीच. "आई, एवढी माणसं कशी जमवलीस?"

लीलाबाईंनी भिंतीला उभ्या केलेल्या बांबूंकडं पाहिलं.

"मी मेले असं वाटलं त्येंना, म्हणून आली."

पलीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या आणि समुद्राच्या आवाजातच त्यांनी फ्लेक्सची सगळी हकीकत लेकीला सांगितली.

"पियू," लीलाबाई म्हणाल्या, "तू मातुर फ्लेक्सची वाट बघू नगंस, बाई."